जीन थेरपीच्या संशोधनात कसं यायचं? (सिकलसेलवर काम करताना आलेले अनुभव आणि तुमचे प्रश्न)

वैनगंगा

नमस्कार मंडळी,

मागे करिअरच्या एका धाग्यावर मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करते असं ओघात लिहून गेले, तेव्हापासून व्यनित (खासगी निरोपात) एकच प्रश्न येतोय. स्टेम सेल (मूलपेशी) आणि जीन थेरपी (जनुकात बदल करून केलेला उपचार) या क्षेत्रात यायचं तर नेमकं करायचं काय? विचारणाऱ्यांत बारावीची मुलं आहेत, एमएस्सीवाले आहेत, काही आईवडीलही आहेत. म्हणून इथे उघडच लिहिते. जाणकारांना भरही घालता येईल.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या पुण्यात पीएचडी करतेय. काम रक्तमूलपेशींवर, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूलपेशींवर. सिकलसेलच्या रुग्णाच्या मूलपेशी घ्यायच्या, त्यांत जनुकीय बदल करायचा आणि त्यांच्यापासून न वाकणाऱ्या तांबड्या पेशी तयार होतात का ते तपासायचं.

विषय निवडला तो घरामुळेच. आमच्याकडे सोयरीक जुळवताना कित्येक घरांत गुणमेलनाच्या आधी 'पॅटर्न काय?' असं विचारतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. माझा मावसभाऊ एसएस. थंडी पडली की, किंवा उन्हात खेळून पाणी कमी प्यायला की त्याचे सांधे धरायचे. अंगावरचं पांघरूण सहन व्हायचं नाही इतकं दुखायचं. शाळेत मात्र 'नाटकं करतो' हे ऐकून घ्यावं लागायचं. मध्य भारतात हा आजार आहे हे नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय. इतकी वर्षं माहीत असलेल्या आजाराबद्दल आमच्या गावात इतकं अज्ञान का, हा राग मला संशोधनाकडे घेऊन आला असं म्हटलं तरी चालेल.

विज्ञान थोडक्यात सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जे जनुक आहे, त्यात एक अक्षर बदललेलं असतं, 'ए'च्या जागी 'टी'. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस, एवढाच फरक. पण ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब धागे होतात, पेशी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. दुखणं तिथून सुरू होतं.

आता गंमत बघा. आईच्या पोटात असताना आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं जनुक बंद होतं, आणि ते बंद करण्यात बीसीएल११ए नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. ज्यांच्यात गॅमा मोठेपणीही बऱ्यापैकी चालू राहतं, त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. मग रक्तमूलपेशीत बीसीएल११एची पातळी खाली आणली तर? याच कल्पनेवर उभा असलेला क्रिस्परचा (डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राचा) पहिला उपचार, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपये. आमच्या गावाला विकून टाकलं तरी एका माणसाचा उपचार होणार नाही. म्हणूनच हे काम इथे, इथल्या खर्चात व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता रस्त्याबद्दल. बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात, मायक्रोबायोलॉजी घेऊन. स्टेम सेल हा विषय तिथे पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता होता. पण निर्जंतुक काम कसं करायचं हे तिथे हाडात भिनलं. बर्नरजवळ प्लेट उघडताना झाकण किती तिरकं धरायचं, पिपेटचं टोक कशाला लागलं की दुसरा विचार न करता टाकून द्यायचं. मूलपेशींच्या प्रयोगशाळेत आल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या सीनियरने काय पाहिलं असेल, तर माझे हात. क्लोनिंगची थिअरी नंतर शिकता येते. म्हणून बीएस्सीच्या मुलांना सांगते, प्रॅक्टिकल बुडवू नका. जर्नल उतरवून काढण्यापेक्षा एक प्लेट नीट स्ट्रीक करायला शिका.

एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीला जीएटी-बी ही प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळाला. 'नावात स्टेम सेल असलेलाच कोर्स करावा का?' असं बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, गरज नाही. पेशीजीवशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, इम्युनॉलॉजी आणि संख्याशास्त्र पक्कं करणारी कुठलीही चांगली एमएस्सी चालते. फी आणि प्रयोगशाळा बघून ठरवा, माहितीपत्रकावरच्या निळ्या डीएनएच्या चित्राला भुलू नका. आणि थोडं पायथन किंवा आर शिकून घ्या. सिक्वेन्सिंगची फाइल दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा स्वतः उघडता आली पाहिजे.

त्यानंतर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून एका लॅबमध्ये लागले आणि सोबत परीक्षा दिल्या. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी, आणि टीआयएफआर-एनसीबीएस-इनस्टेम या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबीआयएलएस. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार, एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२ हजार, वर घरभाडं. घरी पैसे पाठवता येतात. आमच्यासारख्या घरांत ही साधी गोष्ट नसते.

रोजचं काम कसं असतं? रुग्णाच्या रक्तातून सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी चुंबकीय मण्यांनी वेगळ्या काढायच्या. फार थोड्या मिळतात. मग कॅस९ ही क्रिस्परची कात्री आणि तिला जागा दाखवणारा गाइड आरएनए विजेच्या झटक्याने आत सोडायचे. त्यानंतर पेशी मिथाइलसेल्युलोजच्या मधासारख्या दाट माध्यमात पेरून चौदा दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मधे हलवायच्या नाहीत, उगाच दार उघडायचं नाही. पंधरवड्याने प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहती दिसतात. काही करड्या, विखुरलेल्या. काही मात्र लाल, घट्ट पुंजके. त्यात रंग कुणी घातलेला नसतो, तो हिमोग्लोबिनचाच लाल. त्यातली एकेक वसाहत उचलायची, तिचा डीएनए वाचायचा, बदल झालाय का बघायचं, आणि हिमोग्लोबिन एचपीएलसीवर (त्याचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) टाकायचं. गॅमाचं शिखर वर आलेलं दिसलं तर त्या दिवशी जेवण गोड लागतं.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

सदाफुली

किती सुंदर लिहिलंयस गं. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला संशोधनच करायचंय, आणि घरचे म्हणतात आधी एमबीबीएस, मग काय करायचं ते कर. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांबद्दलही ऐकलंय. कुणी सांगेल का?

परळकर

सदाफुलीताई, मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे, आयुष्याचा बराच भाग परळच्या रुग्णालयांत गेला. दोन्ही रस्ते खरे आहेत, पण वेगळे आहेत. मुलीला आजारी माणसाच्या शेजारी बसायला आवडत असेल तर एमबीबीएस, एमडी आणि मग संशोधन. या क्षेत्राला प्रयोगशाळा समजणाऱ्या डॉक्टरांची फार गरज आहे. तिला पेशीच खुणावत असेल तर आयसरची परीक्षा देऊन बीएस-एमएस करावं, पाच वर्षांत हातात संशोधनाचा अनुभव असतो. 'आधी डॉक्टर हो, मग बघू' या हिशोबाने एमबीबीएसला पाठवू नका. तो अभ्यासक्रम अर्ध्या मनाने करण्यासारखा नाही.

एक भर घालतो. स्टेम सेल म्हटलं की लोकांना काहीतरी उद्याचं वाटतं. बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट हा मूलपेशींचाच उपचार आहे. रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात हे टोरांटोत टिल आणि मॅक्युलक यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठींवरून दाखवलं. आपल्याकडे टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला, देशातलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. लहानपणीच्या पोलिओमुळे अडवाणी सर व्हीलचेअरवर असत. वैद्यकीय प्रवेशासाठीही त्यांना झगडावं लागलं होतं. ज्यांना सगळ्या सोयी हाताशी असूनही रस्ता अवघड वाटतो, त्यांनी सरांबद्दल जरूर वाचावं.

वैनगंगा यांनी लिहिलं नाही म्हणून हेही सांगतो. बदललेल्या पेशी शरीरात घालण्याआधी जुन्या मॅरोची जागा रिकामी करावी लागते, त्यासाठी बुसल्फानसारखं जहाल औषध द्यावं लागतं. केस जातात, तोंड येतं, काही आठवडे रुग्ण निर्जंतुक खोलीत असतो, पुढे मूल होण्याची शक्यताही कमी होऊ शकते. 'एकदाच इंजेक्शन आणि बरा' असं कुणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे.

वैनगंगा

परळकर सर, मनापासून आभार. बुसल्फानचं यायलाच हवं होतं. त्यामुळेच जगभर मॅरो रिकामा करण्याचे सौम्य मार्ग शोधले जाताहेत, अँटिबॉडी वापरून. नव्या मुलांना खूप काम आहे तिथे.

गोंडवन

लेख चांगला आहे, पण मला काही बोलायचंय. मी गडचिरोलीत आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडे हायड्रॉक्सियुरिया ही साधी गोळी आहे, स्वस्त आहे, दुखण्याचे झटके कमी करते. ती दर महिन्याला, दर पाड्यावर पोचत नाही. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की रुग्ण तिकडेच अडकतो. मागे एका ठिकाणी महिनाभर गोळ्याच नव्हत्या. पोरं तापाने फणफणली तरी ती सिकलसेलची आहेत हे कुणाला माहीत नसतं. अशा वेळी १८ कोटींची थेरपी, क्रिस्पर, हे सगळं ऐकलं की पोटात तुटतं. तुमच्या फेलोशिपच्या पैशात किती पाड्यांना गोळ्या मिळतील?

वैनगंगा

गोंडवन दादा, तुमचा प्रश्न टाळणार नाही. मी ज्या तालुक्यातून आले तिथेही हेच आहे.

गोळी पोचलीच पाहिजे, आणि ती आज पोचली पाहिजे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंतचं ध्येय. तपासणीचे आकडे वाढतील, पण तपासलेल्या माणसाच्या हातात औषध पडलं नाही तर त्याला नुसतं 'एसएस' असं लिहिलेलं कार्ड मिळतं आणि लग्नाच्या बाजारात तेच आडवं येतं. यावर माझं तुमच्याशी शंभर टक्के एकमत.

पण एक सांगू का? मावसभाऊ गोळी नियमित घेतो. तरी त्याच्या खुब्याचं हाड झिजलंय, चोविसाव्या वर्षी तो काठी घेऊन चालतो. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन आफ्रिकन रुग्णांपेक्षा जास्त असतं, म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकात वाचायला मिळतं. विदर्भातल्या वॉर्डात उभं राहिलं की ते 'सौम्य' किती जणांना लागू नाही हे कळतं. गोळीने आजार आवरतो, जात नाही. दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत, आणि एकाने दुसऱ्याचे पैसे खाऊ नयेत. गोळीचे पैसे संशोधनाच्या खात्यातून काढायचे असं ठरलं, तर वीस वर्षांनी आपल्या पोरांसाठी परदेशातून कोटींची थेरपी विकत घ्यायला आपणच रांगेत असू.

नमुने घ्यायला गेल्यावर संमतीपत्र मीच वाचून दाखवते, मराठीत. एका आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे रक्त दिल्यानं माझ्या पोराले काय भेटंन?" मी म्हटलं, "सध्या काहीच नाही, मावशी. तुमचं पोरगं मोठं होईपर्यंत मिळेल असंही मी सांगू शकत नाही." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग दुसऱ्याच्या पोराले भेटंन," आणि अंगठा दिला. या बाईला खोटी आशा द्यायची नाही आणि तिचं रक्त वायाही घालवायचं नाही, एवढंच मी माझ्यापुरतं ठरवलंय.

गोंडवन

हे पटलं. त्या माउलीला माझा नमस्कार सांगा. तुमच्या संस्थेतली मुलं एकदा आमच्याकडे येऊन राहू देत. नमुना ज्या घरातून येतो ते घर बघितलं पाहिजे त्यांनी.

वैनगंगा

नक्की. व्यनि करते. आमच्या गाइडनाही आवडेल.

चार्ल्सकाठी

मी बॉस्टनजवळ केंब्रिजमध्ये एका जीन थेरपी कंपनीत व्हायरल व्हेक्टर (जनुक पेशीत नेऊन सोडणारे विषाणू) बनवण्याच्या विभागात आहे. शिक्षण मुंबईत, मग इकडे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

किंमत. लोकांना वाटतं कंपन्या मनाला येईल तो आकडा लावतात. नफा आहेच, नाकारत नाही. पण प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र बॅच, तीही स्वच्छ कक्षात, प्रत्येक टप्प्यावर तपासणी, आणि एक बॅच फसली तर तो रुग्ण पुन्हा सुईखाली. सिकलसेलवर लिफजेनिया ही जीन थेरपी आणणारी ब्लूबर्ड बायो ही कंपनी एकेकाळी केवढी मोठी होती, ती २०२५ मध्ये कवडीमोलाने गुंतवणूकदारांना विकली गेली. म्हणजे इतकी किंमत लावूनही धंदा चालला नाही. हे गणित अमेरिकेत सुटलेलं नाही. भारतात सुटण्याची शक्यता मला जास्त दिसते. उदाहरण समोर आहे. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर विकसित केलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, परदेशी थेरपीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. त्यात मूलपेशी नसतात, रुग्णाच्या टी पेशी असतात, पण जनुक घालायची, पेशी वाढवायची, गोठवायची विद्या तीच.

दुसरं, नोकऱ्या. सगळ्यांना पीएचडी करायची गरज नाही. पेशी जीएमपी (औषधनिर्मितीच्या दर्जाच्या) नियमांनी वाढवणारे, क्वालिटी कंट्रोल बघणारे, कागदपत्रं चोख ठेवणारे लोक हवेत. बीफार्म आणि बीटेक झालेल्यांनी इकडे बघावं. ज्याची बॅच रेकॉर्डमधली नोंद चोख असते त्याला इथे मान असतो.

वैनगंगा

खूप उपयोगी माहिती. यात वेल्लोरची भर घालते. सीएमसी वेल्लोरला डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच रुग्णांच्या रक्तमूलपेशींत लेंटिव्हायरस या विषाणूवाटे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठचं जनुक घातलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पाचही जणांना त्यानंतर रक्तस्रावाचा झटका आला नव्हता. ज्यांना आयुष्यभर फॅक्टरची इंजेक्शनं घ्यावी लागतात त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो.

आणि सिकलसेलवर दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेने क्रिस्परची आपली स्वतःची थेरपी तयार केलीय. बिरसा मुंडांच्या नावावरून तिला 'बिरसा १०१' म्हणतात, आणि पुढच्या कामासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय. नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. माणसांवरच्या चाचण्यांचा मोठा रस्ता अजून बाकी आहे, पण दिशा हीच.

माळरान

धागा सगळा वाचला. विषयाशी थोडं वेगळं आहे, पण विचारतो. माझा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. एका क्लिनिकमध्ये सांगितलं, त्याच्याच मॅरोतल्या स्टेम सेल काढून पाठीतून देऊ, तीन वेळा, बोलायला लागेल. खर्च काही लाखांत. शेत गहाण टाकायची तयारी केली आहे. तुम्ही लोक यातलेच आहात. काय करू?

परळकर

माळरान, थांबा. शेत गहाण टाकू नका.

ऑटिझमसाठी मूलपेशींचा उपचार सिद्ध झालेला नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२१ मध्ये आजारवार पुरावे तपासून ते स्पष्ट म्हटलंय, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी असा उपचार देणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. मान्यताप्राप्त चाचणीत भाग घ्यायचा असेल तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असते आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. तुमच्याकडे पैसे मागितले, इथेच उत्तर मिळालं. तो पैसा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला लावा. तालुक्याला नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात जा, लहान मुलांच्या वाढीच्या अडचणींसाठीच ते असतं. काही अडलं तर मला व्यनि करा.

वैनगंगा

माळरान दादा, परळकर सरांचं ऐका. आमचं क्षेत्र विश्वासावर चालतं आणि तो विश्वास असले लोक विकून खातात, याचा मला भयंकर संताप येतो. रक्तमूलपेशी रक्त बनवतात. त्या पाठीत टोचल्या म्हणून त्यांच्या मेंदूच्या पेशी होत नाहीत.

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनाही हे माहीत हवं, की घाईची किंमत आमच्या क्षेत्राने मोजलेली आहे. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत गेला. यकृताचा आजार होता, पण औषधपाण्यावर त्याचं बरं चाललं होतं. जनुक आत नेण्यासाठी वापरलेल्या ॲडिनोव्हायरस या विषाणूला शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेने चार दिवसांत तो गेला. पुढे पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांना जनुक घालून बरं केलं गेलं, आणि २००२ पासून त्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला, कारण विषाणूने जनुक नको त्या जागी नेऊन घातलं होतं. आज आम्ही जे व्हेक्टर वापरतो ते यातून शिकून बदललेले आहेत. क्रिस्परची कात्री भलत्याच ठिकाणी चालली नाही ना, हे तपासण्यात माझा निम्मा वेळ जातो तो याचसाठी.

माळरान

बायकोला वाचून दाखवलं. आता नाही करत. जिल्ह्याला जातो. तुमचे दोघांचे उपकार.

सदाफुली

माळरान भाऊ, मी विशेष मुलांची शिक्षिका आहे. घरी करून घेण्यासारखे काही व्यायाम आणि खेळ व्यनिने पाठवते.

निळावंती

कॉर्ड ब्लड (बाळाच्या नाळेतलं रक्त) साठवणाऱ्या बँकेबद्दल कुणी सांगेल का? नणंदेचं बाळंतपण जवळ आलंय, रुग्णालयात रोज कुणीतरी माहितीपत्रक देतंय.

परळकर

घरात आधीच एखाद्या मुलाला ट्रान्सप्लांटने बरा होणारा आजार असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल, तर धाकट्याचं कॉर्ड ब्लड ठेवण्यात अर्थ आहे. 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून पैसे भरून ठेवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. आणि बाळाला जन्मजात जनुकीय आजार असेल तर त्याच्या स्वतःच्या कॉर्ड ब्लडमध्येही तेच जनुक असतं.

तोरणमाळ

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. आमच्या पावरा समाजातही सिकलसेल खूप आहे. मला हेच करायचंय. पण इंग्रजी कच्चं आहे, घरून पैसे येत नाहीत, आणि आमच्या कॉलेजात साधं इन्क्युबेटरही नाही. मला जमेल का? सुरुवात कुठून करू?

वैनगंगा

तोरणमाळ, जमेल. तुझ्यासारखीच मुलं यायला हवी आहेत. सिकलसेल घरात पाहिलेला माणूस लॅबमध्ये असला की प्रश्नच वेगळे पडतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीपासून सुरुवात कर. विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप असते, अर्ज ऑनलाइन, दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत काम आणि विद्यावेतन. नाहीच मिळाली तर चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे, मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना ईमेल कर. पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे. डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी रक्तमूलपेशी वाढवण्यावर आणि गोठवण्यावर तिथे वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचे पेपर वाचायला घे. पहिल्या वाचनात काही कळणार नाही, आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर आधी वाच.

ईमेल लहान लिही. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट' असली वाक्यं नकोत. तू कोण, त्यांचा कुठला पेपर वाचलास, त्यातलं काय कळलं आणि काय नाही, कुठल्या तारखांना येऊ शकतोस. सहा-सात ओळी. इंग्रजीचं म्हणशील तर आमच्या लॅब मीटिंगमध्ये सगळ्यांचं इंग्रजी मोडकंच असतं, आकडे बरोबर असले की झालं. रोज एक गोषवारा मोठ्याने वाच आणि वहीत मराठीत त्याचा अर्थ लिही. मी अजूनही करते.

पैशांसाठी आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती आणि वसतिगृह घेतोयस ना? पुढे पीएचडीला अनुसूचित जमातींसाठी केंद्राची स्वतंत्र फेलोशिप आहे. अर्जाच्या तारखा निघून जातात, म्हणून जातवैधता प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाक. ते हातात यायला वेळ लागतो आणि ऐन वेळी त्याच्यावाचून अडतं.

ईमेल लिहून झाला की पाठवण्याआधी मला दाखव.

तोरणमाळ

हो ताई. वसतिगृह मिळालंय. वैधतेचा अर्ज सोमवारी टाकतो. पेपरचं नाव सांगा, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडतो का बघतो.

वैनगंगा

मोफत उघडणारे दोन पेपर व्यनिने पाठवलेत. आधी धाकटा वाच. दुसऱ्या आकृतीत अडशील, तिथला ग्राफ फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्राचा) आहे. त्याच्यावर रविवारी फोनवर बोलू.